जुना नंबर, नवा नंबर

प्रत्येक शाळेत मुलाला दोन क्रमांक असतात. एक हजेरीपटावरचा, दुसरा दाखल-खारीज रजिस्टरातला. हजेरीचा क्रमांक दर वर्षी बदलतो. मागच्या वर्षी सातव्या क्रमांकावर 'हजर' म्हणणारी मुलगी यंदा अकराव्या क्रमांकावर म्हणते, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. दाखल क्रमांकाचे तसे नाही. तो एकदा पडला की पडला. मुलगी शाळा सोडून गेली, तिची लेकरे मोठी झाली, तरी तो क्रमांक तिचाच राहतो. पुढे कधी तिचा नातू जातीच्या दाखल्यासाठी आजीची नोंद शोधत आला, तर गुरुजी कपाटातले जाड रजिस्टर काढतात, पाने उलटतात आणि नोंद सापडते. हजेरीच्या क्रमांकावरून ती कधीच सापडली नसती.

वर्गातल्या रोजच्या कामासाठी एक क्रमांक आणि ओळख पटवण्यासाठी दुसरा, हा फरक शाळेने फार पूर्वी ओळखला. पण जमीन, गाव, टपाल, आगगाडी, पुस्तक अशा कितीतरी ठिकाणी तो नीट पाळला गेला नाही. क्रमांक बदलले, जुन्या कागदांवरचे उल्लेख तसेच राहिले आणि दोहोंमधला दुवा तुटला. हे दुवे कसे तुटतात आणि कसे जोडता येतात, याचा थोडा इतिहास आम्ही या लेखात सांगणार आहोत. सुरुवात धारणीपासून करू.

कागदावरची धारणी

धारणी हे अमरावती जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातले तालुक्याचे गाव. सातपुड्याच्या मेळघाट भागातले, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचे. समजा, या तालुक्यातल्या एका घरी ट्रंकेच्या तळाशी पणजोबांच्या वेळचा कागद सापडला. त्यावर 'तालुका मेळघाट, जिल्हा एलिचपूर' असे असेल, तर हे कुठले गाव, असा प्रश्न आजच्या मुलाला पडेल. गाव तेच आहे. बदलला आहे तो भोवतालचा कारभार.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि मेळघाट हा त्या जिल्ह्यातला तालुका. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ साली वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले, तेव्हा एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिसळला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुढे मेळघाट तालुक्याचेही धारणी आणि चिखलदरा असे दोन तालुके झाले. म्हणजे गाव जागचे हलले नाही, पण त्याचा पत्ता पुन्हा पुन्हा बदलला.

पत्त्यातली नावे बदलली तरी ती शोधून काढता येतात, कारण नावाची आठवण लोकांच्या तोंडी असते. क्रमांकाची नसते. 'एलिचपूर' म्हटले की गावातली म्हातारी माणसे ओळखतील. पण 'सर्व्हे नंबर २५' आज कुठे आहे, हे कागदाशिवाय कोण सांगणार?

शेताला नंबर पडला तो असा

आपल्याकडे शेतांना जे सर्व्हे नंबर पडले, त्यांची पद्धत मुंबई इलाख्यात ठरली. १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी मोजणीचे काम हाती घेतले. १८४७ साली या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि १८६० च्या दशकात तीच पद्धत वऱ्हाडात आली. मोजणीला ३३ फूट लांबीची शंकू साखळी वापरत. तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. वर्गात ३३ चा वर्ग करून त्याला ४० ने गुणून पाहा. ४३,५६० चौरस फूट येतात, आणि एकर बरोबर तेवढाच असतो.

मोजलेल्या प्रत्येक शेताच्या हद्दीवर दगड रोवले गेले, नकाशा काढला गेला आणि शेताला नंबर मिळाला. शेजारच्या शेताला सहसा पुढचा नंबर. त्यामुळे हा नंबर म्हणजे ओळखही झाली आणि पत्ताही झाला. २५ नंबरच्या धुऱ्यावर उभे राहिले की २६ नंबर कुठेतरी जवळपासच असणार.

भावाभावांत वाटणी झाली की २५ चे २५/१ आणि २५/२ असे पोटहिस्से होत. ही युक्ती साधी, पण फार चांगली. नव्या क्रमांकाच्या पोटात जुना क्रमांक शाबूत राहतो. २५/२ हे वाचणाऱ्याला कोणतेही कोष्टक न पाहता कळते की हा तुकडा मूळच्या २५ मधला आहे. मूल आईचे नाव लावून हिंडावे, तसे.

जंगलाचा हिशेब वेगळा होता. वनखात्याने आपल्या ताब्यातल्या जंगलाचे कक्ष पाडले आणि त्यांना स्वतःचे कक्ष क्रमांक दिले. त्यामुळे मेळघाटासारख्या मुलखात जमिनीची ओळख दोन खात्यांच्या दोन वह्यांत दोन तऱ्हांनी लिहिली गेली. या दोन वह्या एकमेकींशी बोलतातच असे नाही. ही गोष्ट लक्षात ठेवू. पुढे तिचे काम पडणार आहे.

गटवारीने काय झाले

वाटण्या होत होत शेतांचे तुकडे फार लहान झाले. त्यावर उपाय म्हणून मुंबई राज्यात १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. पुढे तो विदर्भालाही लागू झाला. ज्या गावांत ही योजना पूर्ण झाली, तिथे विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले गेले आणि गावाला नव्याने, एकपासून गट क्रमांक देण्यात आले. जमिनीच्या दृष्टीने हेतू चांगला होता. क्रमांकांच्या दृष्टीने मात्र संपूर्ण गावाचा हजेरीपट एका दिवसात बदलला.

आता गणिताच्या शिक्षकांनी इकडे लक्ष द्यावे. जुन्या आणि नव्या क्रमांकांत तीन तऱ्हेचे नाते असू शकते. पहिले, एकास एक: जुना ४० म्हणजे नवा ६१. दुसरे, एकास अनेक: जुन्या २५ चे नवे १४३ आणि १४४ झाले. तिसरे, अनेकांस एक: जुने ३१, ३२ आणि ३३/१ मिळून नवा ८७. पहिल्या प्रकारात मागे-पुढे दोन्हीकडे निःशंक जाता येते. दुसऱ्यात जुन्यावरून नव्याकडे येताना दोन वाटा फुटतात, त्यांतली आपली कोणती हे ठरवायला आणखी पुरावा लागतो. तिसऱ्यात उलट, मागे जाताना वाटा फुटतात. म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचे कोष्टक नुसते असून भागत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने आणि किती क्षेत्राचा बदल झाला, हेही त्यात लागते.

आपल्या महसुली दप्तरात याची सोय आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. सातबारावर मालकाचे नाव बदलले की जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. ते कंसात घालतात आणि फेरफाराचा क्रमांक लिहितात. तो क्रमांक म्हणजेच मागे जाण्याची पायरी. क्षेत्रात बदल झाला तर कमी-जास्त पत्रक होते. या पायऱ्या एकेक उतरत गेले की पणजोबांच्या कागदापर्यंत पोचता येते. पण मधली एक पायरी जरी निखळली, पान फाटले किंवा वाळवीने खाल्ले, तरी वरच्या पायऱ्या आणि खालच्या पायऱ्या दोन्ही निरुपयोगी होतात. साखळीची मजबुती तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते.

अशा वेळी क्षेत्रफळ साक्षीला बोलावता येते. पुढे दशमान पद्धत आली आणि एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. जुन्या कागदावर ५ एकर २० गुंठे असतील, तर आज ते सुमारे २ हेक्टर २३ आर भरायला हवेत. तेवढे भरले, तर दुवा जुळल्याची शक्यता वाढते. सिद्ध मात्र होत नाही, कारण तेवढ्याच क्षेत्राचे दुसरे शेतही असू शकते.

तुटलेला दुवा आणि चुकलेला दुवा

क्रमांक बदलण्यातला मोठा धोका दुवा तुटणे हा नाही. तुटलेला दुवा निदान तुटलेला दिसतो. सर्व्हे नंबर ९०० शोधायला गेलो आणि गावात ९०० नंबरच नसला, तर काहीतरी चुकले हे लगेच कळते. पण जुना सर्व्हे नंबर १४३ आणि नवा गट क्रमांक १४३ हे दोन्ही एकाच गावात, वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर? शोधणारा १४३ काढतो, त्याला १४३ मिळतो, आणि तो निश्चिंतपणे दुसऱ्याच्याच शेतात जाऊन उभा राहतो. म्हणून दिलेला क्रमांक दुसऱ्याला पुन्हा देऊ नये, आणि द्यावाच लागला तर तो कोणत्या पद्धतीतला हे प्रत्येक वेळी सोबत लिहावे. नुसते '१४३' न लिहिता 'गट क्रमांक १४३' लिहिणे, एवढ्याने पुष्कळ खटले टळतील असे आम्हांला वाटते.

चांगले बदल कसे झाले

सगळेच बदल गोंधळाचे नसतात. २० डिसेंबर २०१० पासून रेल्वेने गाड्यांचे चार अंकी क्रमांक पाच अंकी केले. अमरावतीहून मुंबईला जाणारी गाडी २११२ होती, ती १२११२ झाली. जुना क्रमांक नव्याच्या आत जसाच्या तसा आहे. समोर फक्त १ आला. कोष्टक छापण्याची गरज नाही, आणि चार अंकी व पाच अंकी क्रमांकांची गल्लत होण्याचीही भीती नाही. पोटहिस्स्याचीच ही युक्ती.

पुस्तकांच्या बाबतीत थोडी मेख होती. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक १ जानेवारी २००७ पासून १० ऐवजी १३ अंकी झाला. जुन्या क्रमांकापुढे ९७८ लावले की झाले, असे वाटेल. पण शेवटचा अंक हा ताळा पाहण्याचा अंक असतो. तो आधीच्या अंकांवरून काढतात आणि काढण्याची रीतही बदलली. त्यामुळे पहिले नऊ अंक तेच राहिले, तरी शेवटचा अंक नव्याने काढावा लागतो. ज्यांनी नुसते ९७८ चिकटवले, त्यांच्या क्रमांकाचा ताळा बहुधा जमत नाही. चूक उघडी पडते, हाच त्या अंकाचा उपयोग.

पिन कोडची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृतचे कवीही होते. पिन कोडचे पहिले तीन अंक टपालाच्या वाटणीचे क्षेत्र सांगतात आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. अकोला ४४४००१, अमरावती ४४४६०१, वाशीम ४४४५०५, धारणी ४४४७०२. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाशीमचा पिन कोड मात्र तोच राहिला, कारण त्यात जिल्ह्याचे नाव गुंफलेलेच नव्हते. टपालाची वाट गुंफलेली होती, आणि ती जिल्हा झाल्याने बदलली नाही.

याउलट जनगणनेचे पाहा. २००१ साली राज्यातल्या जिल्ह्यांना वायव्येकडून सुरुवात करून क्रमांक दिले होते. नंदुरबार ०१, आणि त्या ओळीत अमरावती ०७. २०११ साली सगळ्या देशातल्या जिल्ह्यांची एकच सलग यादी झाली आणि अमरावतीचा क्रमांक ५०३ झाला. गावांचे क्रमांकही बदलले: आठ अंकीऐवजी सहा अंकी, देशभर एकच मालिका. या नव्या क्रमांकात जिल्हा दडलेला नाही, म्हणून उद्या जिल्ह्याचे दोन झाले तरी गावाचा क्रमांक बदलण्याचे कारण उरत नाही. बदल शहाणपणाचा होता. पण २००१ आणि २०११ या दोन जनगणनांची एकाच गावाची तुलना करायची, तर जुन्या-नव्या क्रमांकांचे कोष्टक हाताशी हवेच.

आता आपल्या शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक काढा. अमरावती जिल्ह्यात असाल तर तो २७०७ ने सुरू होईल. २७ महाराष्ट्राचे आणि ०७ अमरावतीचे. म्हणजे जनगणनेने सोडून दिलेला जुना क्रमांक शाळेच्या क्रमांकात अजून नांदतो आहे. तो बदलला नाही हे बरेच झाले. क्रमांकातला अर्थ जुना झाला म्हणून क्रमांक बदलायचा नसतो. एकदा ओळख म्हणून रुजला की त्याचा अर्थ विसरावा आणि क्रमांक टिकवावा.

यातून निघणारा नियम शोधनिबंधांच्या जगाने पक्का केला. लेख आज या संगणकावर, उद्या त्या संगणकावर असतो. म्हणून २००० सालापासून शोधनिबंधांना एक कायमचा क्रमांक देऊ लागले. लेखाची जागा बदलली की फक्त मधल्या नोंदवहीत नवी जागा लिहायची. ज्या हजारो लेखांत तो क्रमांक उद्धृत झाला आहे, त्यांना हात लावावा लागत नाही. ओळख वेगळी, पत्ता वेगळा, आणि मध्ये एक सांभाळलेली नोंदवही. आपल्या दाखल-खारीज रजिस्टराचेच हे भावंड. मात्र नोंदवही सांभाळणारा माणूस थकला, तर कायमचा क्रमांकही कायमचा राहत नाही.

पणाला काय लागते

हा नुसता कारकुनी प्रश्न आहे असे कोणी म्हणेल. धारणीत तसे म्हणता येणार नाही. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कसत आहेत, तिच्यावरचा त्यांचा हक्क मान्य करण्याची त्यात तरतूद आहे. जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगत आले, त्यांना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब केला तर आपण १९३० सालापर्यंत मागे जातो. आता वर सांगितलेला इतिहास आठवा. त्या ७५ वर्षांत मेळघाटाने किती राज्ये पाहिली, एकर जाऊन हेक्टर आले आणि जमिनीची ओळख महसूल व वन या दोन खात्यांच्या वह्यांत विभागलेली राहिली. जुन्या कागदावरचा नंबर आणि आजचा कक्ष क्रमांक यांतला दुवा जुळला नाही, तर कागद खरा असूनही मुका राहतो.

या कायद्याच्या नियमांत एक शहाणपण आहे. पुरावा म्हणून नकाशे, जनगणना आणि मोजणीचे अहवाल चालतात, तशीच जमिनीवरची खूणही चालते आणि गावातल्या वयोवृद्धांचे लेखी निवेदनही. विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान. हे नंबर कोणत्याही खात्याने दिलेले नाहीत, म्हणून कोणत्याही खात्याच्या फेरबदलात ते बदललेलेही नाहीत. मोहाच्या ज्या झाडाखाली आजोबा बसत, ते झाड दोन वह्यांमधला दुवा होऊ शकते. अट एकच: सांगणारा आहे तोवर लिहून घेतले पाहिजे.

ज्या गावात दिवा नाही

महसुली भाषेत एक शब्द आहे: बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात आता दिवा लागत नाही, वस्ती उठून गेली, ते बेचिराग गाव. रोगराई, पाण्याचे दुर्भिक्ष अशा कारणांनी वऱ्हाडात अशी कितीतरी गावे उठली. पण त्यांची नावे यादीतून काढली जात नाहीत. जनगणनेच्या गावयादीत वस्ती नसलेल्या गावालाही क्रमांक असतो आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य असते.

मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे, या शतकाच्या सुरुवातीला, बोरी, कोहा आणि कुंड ही जंगलातली गावे उठवून अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्याकडे वसवण्यात आली, आणि नंतरही आणखी गावे बाहेर आली. अशा वेळी क्रमांकाचा खरा प्रश्न समोर येतो. क्रमांक कोणाचा असतो? जमिनीचा की माणसांचा? जमिनीचा असेल, तर तो जंगलात राहील आणि गाव बेचिराग म्हणून नोंदले जाईल. माणसांचा असेल, तर तो नव्या वस्तीबरोबर जाईल. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. पण कोणते धरले हे लिहून ठेवले नाही, तर पन्नास वर्षांनी आजीची नोंद शोधणारा नातू शून्य लिहिलेल्या रकान्यापाशी येऊन थांबेल. त्या रकान्याशेजारी 'वस्ती अमुक गावी गेली' अशी एक ओळ असली, तर तो पुढे जाऊ शकेल.

ही एक ओळ लिहिण्याची सवय शाळेत लावता येते. मुलांना घरातला एखादा जुना कागद पाहायला सांगावा आणि त्यावरचे क्रमांक वहीत उतरवून आणायला सांगावे: सर्व्हे नंबर, घर क्रमांक, शिधापत्रिका, वीजबिल. मग घरच्यांना विचारून त्याच गोष्टीचा आजचा क्रमांक शेजारी लिहावा. एकास एक किती, एकास अनेक किती, आणि ज्यांचा दुवा लागतच नाही असे किती, याची मोजदाद फळ्यावर करावी. शाळेचे नाव किंवा इमारत बदलली असेल, तर जुन्या नावाची आणि बदलाच्या तारखेची नोंद दाखल-खारीज रजिस्टराच्या पहिल्या पानावर आहे ना, तेही एकदा पाहून घ्यावे. नसेल, तर ती करून ठेवावी आणि खाली तारीख घालावी.